शेतीच्या सणांची गाणी: तुमच्या गावात कोण म्हणत असे?

शेवंती

परवा आईने गावाहून पाठवलेल्या खोक्यात, लोणच्याच्या बरणीखाली, जुन्या धोतरात गुंडाळलेली एक घागरमाळ निघाली. आमच्या घरच्या शेवटच्या जोडीतल्या बैलाच्या गळ्यातली ही माळ आहे. तिचा चामडी पट्टा वाळून लाकडासारखा झाला आहे आणि तिसरे घुंगरू जागेवर नाही. पुण्यातल्या सदनिकेच्या दाराला मी ती आतून अडकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने पिशवी कडीला लावताना दार हलले, माळ वाजली, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या माझ्या तोंडून नकळत "हर बोला" निघाले. पुढचे "हर हर महादेव" म्हणायला घरात कोणी नव्हते.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, वणीकडे. श्रावण अमावस्येला पोळा, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी होत असे. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचे आणि बैलाच्या कानाशी वाकून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे म्हणायचे. मला ते आमंत्रण देण्याचा मान मिळावा म्हणून मी भावाशी भांडलेली आहे. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा अशा थाटात सगळ्या जोड्या आखरावर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेने उभ्या राहत. तोरण तुटेपर्यंत झडत्या चालत. एका बाजूचा गडी झडती म्हणे, दुसरीकडचा तिला उत्तर देई, आणि शेवटच्या "एक नमन गौरा पार्वती, हर बोला" यावर सारे गाव गर्जना करी.

आमच्या घरी एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी होता. आम्ही मुले त्याला मामा म्हणत असू. त्याच्यासारखी झडती पंचक्रोशीत कोणी म्हणत नसे. एका वर्षी त्याने भर आखरावर आमच्या आजोबांवरच झडती रचली: वेचणीचा कापूस तोलायचा त्यांचा काटा पोळ्यालाही उपाशी असतो, अशा अर्थाची. सगळे हसले आणि आजोबाही हसले. माझ्या लहानपणीची ही सर्वांत आनंदाची आठवण आहे.

तुमच्याकडे शेतीच्या सणाला काय म्हणत, काय नाचत, आणि ते म्हणणारे कोण होते, हे वाचायला मला आवडेल.

दोन पोळे

माझे माहेर अकोल्याचे आणि सासर कऱ्हाडचे. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात सासूबाईंनी पुरण घातले, तेव्हा मी भीत भीत विचारले की आज काय आहे. "बेंदूर," असे उत्तर आले. पुढे श्रावणात मी पोळ्याचे पुरण घातले, तेव्हा सासरे म्हणाले, "सूनबाई, आमच्या बैलांचं जेवण मागच्याच महिन्यात झालंय." तेव्हापासून आमच्या घरी वर्षातून दोनदा पुरण होते. बैल एकदाही नसतो, त्यामुळे दोन्ही वेळा माझे यजमानच जेवतात.

झडत्या मात्र मला सासरी कधी ऐकायला मिळाल्या नाहीत. तिथे मिरवणुकीला हलगी असते आणि ती कडकडते तेव्हा बैलसुद्धा ताल धरतो असे वाटते. पण वाद्याने माणसाला चिमटा काढता येत नाही.

कडबा

आम्ही लातूरचे. आमचा सण श्रावणात नव्हे, मार्गशीर्ष अमावस्येला येतो. कागदोपत्री ती वेळा अमावस्या, बोलण्यात येळवस. कर्नाटकाच्या सीमेवरून शब्दही आला आणि सणही आला. त्या दिवशी लातूर शहरातल्या रस्त्यांवर शुकशुकाट असतो, कारण ज्याचे शेत आहे तो शेतात असतो आणि ज्याचे नाही त्याला कोणीतरी हाताला धरून स्वतःच्या शेतात नेलेले असते.

शेतात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पाच पांडव. नैवेद्याला भज्जी, बाजरीचे उंडे आणि मातीच्या बिंदग्यातले आंबील. भज्जी म्हणजे भजी नव्हेत, हे पुण्यात मला दर वर्षी नव्याने सांगावे लागते. हरभऱ्याचे, तुरीचे, वाटाण्याचे ओले दाणे, हाताला लागेल ती भाजी आणि बेसन एकत्र शिजवून केलेला तो घट्ट प्रकार असतो. पूजा झाली की घरातला एक जण आंबील शिंपडत पिकाभोवती फिरतो आणि बाकीचे त्याच्यामागून "ओलगे ओलगे" अशी आरोळी देत चालतात. याला गाणे म्हणावे की आरोळी, हे जाणकारांनी ठरवावे. अर्थ आम्हाला कोणालाच सांगता येत नव्हता, परंतु चाल चुकली तर आजी आम्हाला बांधावरून परत पाठवीत असे.

संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून ती शेताभोवती पळत न्यायची. माझ्या वाट्याला एकदाच आली. मी ती इतकी आडवी धरली की चुलत्यांच्या धोतराचा सोगा जळाला. त्या वर्षी ज्वारी उत्तम आली, त्यामुळे मला क्षमा झाली.

हस्ताचा पाऊस

मुलींच्या गाण्यांचे नाव अजून कोणी काढले नाही, म्हणून लिहिते. हादगा किंवा भोंडला हा आता नवरात्रातला सोसायटीचा कार्यक्रम झाला आहे. पण तो मुळात पावसाच्या नक्षत्राशी बांधलेला आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य हस्त नक्षत्रात जातो. त्या पावसावर खरिपाचे दाणे भरणे आणि रब्बीची पेरणी या दोन्ही गोष्टी टांगलेल्या असतात. हस्ताचा हत्ती झाला, आणि तो पाटावर रांगोळीने किंवा भिंतीवरच्या कागदावर चितारून त्याच्याभोवती मुली फेर धरू लागल्या.

आमच्याकडे साताऱ्याला हादगा सोळा दिवस चाले. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढण असे, आणि खिरापतीही तशाच वाढत जात. सोळाव्या दिवशी सोळा गाणी म्हणताना घसा बसे. पण समोर सोळा डबे झाकून ठेवलेले असत. माझ्या आईने एकदा डब्यात नुसती साखर ठेवली होती. ती कोणालाही ओळखता आली नाही, कारण प्रत्येक मुलगी काहीतरी अवघड शोधत होती.

धांडा

हस्ताचा पाऊस, आमच्या जळगावकडे हत्ती नाही, भुलाबाई असते. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजी बसतात आणि कोजागिरीला उठतात, म्हणजे पार्वती महिनाभर माहेरी आलेली असते आणि जावईबापूही सोबत मुक्कामाला असतात. तुमच्याकडे सोळा, आमच्याकडे पुरा महिना, तेव्हा घसा कोणाचा अधिक बसत असेल याचा हिशेब तुम्हीच करावा.

ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर हे या सणातले शेत. वडील शेतातून कणसांसह उभे धांडे उपटून आणत आणि आम्ही कणसे न गळू देता ते बांधत असू. गाणी सासरच्या जाचाची, हसून हसून म्हणायची. सहा-सात वर्षांच्या मुली सासू, नणंद, दीर यांची उणीदुणी टिपऱ्यांच्या तालावर काढत आणि आमच्या आया ओसरीवर बसून माना डोलवीत. आईच्या डोळ्यांत पाणी का येते, हे मला माझे लग्न झाल्यावर कळले. गाण्यात जे आहे ते ओसरीवर बसून बोलता येत नव्हते.

भाताचा पेंढा

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे बैलाच्या सणापेक्षा गौरी-गणपतीचा थाट मोठा असतो. त्या वेळी भात पोटरीला आलेले असते, लावणी आणि बेणणी यांतून माणूस मोकळा झालेला असतो, आणि मुंबईचे चाकरमानी घरी पोहोचलेले असतात. मग रात्रभर जाखडी चाले. मध्यभागी मृदंगवाला, झांजवाला आणि गाणारा बसलेले, भोवती पायात चाळ बांधून नाचणाऱ्यांचे कडे. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असत; शक्तीवाल्यांनी सवाल टाकला की तुरेवाल्यांनी उत्तर दिलेच पाहिजे. उत्तर आले नाही तर ती नाचक्की पुढच्या गणपतीपर्यंत पुरत असे.

कापणीची भलरी मी पुढे घाटावर, कोल्हापूरकडच्या मावशीच्या शेतात ऐकली. कापणारे रांगेने बसलेले असत. एका टोकाचा गडी ओळ उचली, आणि उरलेले सारे जण "भलरी" म्हणताना विळा ओढत. उत्तर आणि कापणी एकाच क्षणी होई, त्यामुळे जो उत्तर देत नाही तो कामात मागे पडतो हे मुकादमाला न बघताही कळे. आता तिथे कापणीला यंत्र येते. त्याचा चालक कानात गाणी घालून बसतो. त्याला मी नावे ठेवत नाही. दिवसभर त्या आवाजात मीही तेच केले असते.

नागपूरकर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची आठवण कोणी काढली नाही, याचे आश्चर्य वाटते. त्या दिवशी आमच्याकडे सकाळी मारबत आणि बडगे या पुतळ्यांची मिरवणूक असते आणि संध्याकाळी लाकडी बैलांचा तान्हा पोळा. "घेऊन जा गे मारबत" म्हणत रोगराई, महागाई आणि ज्याच्यावर राग असेल तो पुढारी, सारे एकाच वेळी गावाबाहेर काढले जाते. बडगे बनवणारे वर्षभर वर्तमानपत्र वाचत असावेत, इतके ते ताजे असतात. ज्या शहरात आता मोजकेच बैल उरले आहेत, तिथे बैलांच्या सणाचा दुसरा दिवस पहिल्यापेक्षा मोठा होऊन बसला आहे.

मोखाड्याचा मास्तर

मी मूळचा नगरचा; परंतु नोकरीची बरीच वर्षे पालघर जिल्ह्यात, वारली पाड्यांवर काढली. भात कापून झाले की संध्याकाळी तारपा वाजू लागतो. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा भोंगा एवढ्यावर ते वाद्य तयार होते. वाजवणारा श्वास न तोडता वाजवतो. मी एकदा फुंकून पाहिला, तेव्हा पाड्यावरची कोंबडी तेवढी उडाली.

नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात आणि तारपेवाल्याभोवती फिरतात. तो वळेल तसे तेही वळतात, आणि त्याच्याकडे कोणी पाठ करत नाही. वारली चित्रांमधला तो गोल आता चादरींवर आणि कपांवर सगळीकडे दिसतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्यांमुळे तो शहरांतल्या लोकांनाही ओळखू येऊ लागला; त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पाड्यावर मात्र तो गोल पूर्ण नसतो. साखळीचे एक टोक मोकळे असते आणि येणारा तिथे जोडला जातो. पहिल्या वर्षी मी लांब उभा राहून पाहत होतो, तर चौथीतल्या एका मुलीने येऊन मला त्या टोकाला नेऊन लावले. माझी पावले चुकत होती. रात्री एक वाजेपर्यंत कोणीही ती दुरुस्त केली नाहीत.

मांड

आम्ही गोव्यातले, काणकोणकडचे. पौषातल्या चांदण्या रात्री, भाताचे काम संपल्यावर, बायकांचे धालो सुरू होतात. मांड शेणाने सारवतात, दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, हात एकमेकींच्या पाठीवरून गुंफलेले असतात, आणि वाकत वाकत एक रांग पुढे येते तेव्हा दुसरी मागे जाते. एका रांगेने म्हटलेले दुसरी परत म्हणते. मांडावर पुरुषांना येऊ देत नाहीत. माझा धाकटा भाऊ एकदा फणसाच्या झाडावर लपून बसला होता. आजीने गाण्याच्या चालीतच, शब्द बदलून, "झाडावर माकड आले आहे" असे म्हटले, समोरच्या रांगेनेही ते तसेच परत म्हटले, आणि तो तीन वेळा स्वतःचे वर्णन ऐकून खाली उतरला.

परदेशी पाहुणा

कामानिमित्त मॉरिशसला गेलो असताना तिथल्या एका मराठी कुटुंबाने गणपतीला घरी बोलावले. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारावर मजूर जाऊ लागले आणि त्यांत कोकणातलेही होते. रात्री अंगणात फेर सुरू झाला, त्याला ते "झाकरी" म्हणत होते. भाताचा पेंढा यांचे लिखाण वाचताना पुन्हा लक्षात आले की ती जाखडीच होती. घरातल्या मुलांना मराठी बोलता येत नव्हते, ती आपसात क्रिओल बोलत होती. परंतु फेरात उत्तर देण्याची वेळ आली की एकही शब्द चुकत नव्हता. भाताऐवजी भोवती ऊस होता, एवढाच फरक.

दोन पोळे

मांड, तुमच्या आजीची युक्ती मी पुढच्या हळदीकुंकवाला वापरणार आहे. माकड कोण, ते विचारू नये.

नांगरट

झडती अजून जिवंत आहे, याची साक्ष द्यावी म्हणून लिहितो. मागच्या पोळ्याला आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावी, बारावीत नापास झालेल्या माझ्या पुतण्याने ही ऐनवेळी म्हटली:

"वावरातली लाईन गेली, डीपी झाला गार,
वायरमन म्हणे उद्या येतो, झाले दिवस चार;
बैल म्हणते धन्याले, मोटर सोड, मोट धर,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर!"

रांगेत फक्त अकरा जोड्या होत्या आणि दोन ट्रॅक्टर झूल घालून उभे होते. उत्तराची गर्जना मात्र अशी झाली की ट्रॅक्टरखाली झोपलेले कुत्रे पळून गेले. मोट म्हणजे काय, हे पुतण्याने कधी पाहिलेले नाही. यमक जुळले, एवढे त्याला पुरेसे होते.

बिनजमिनीचा

मी या धाग्यावर लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. माझे आजोबा आयुष्यभर सालदार होते. आमच्याकडे स्वतःचा बैल कधी नव्हता, त्यामुळे पोळा आमचा होता की मालकाचा, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बैल धुणारा, शिंगे साळणारा, रात्री उठून वैरण टाकणारा गडी, आणि तोरणाखाली पहिला मान पाटलाच्या जोडीचा. पोळा फुटल्यावर आजोबा बैल घेऊन घरोघर जात, बायका बैलांची पूजा करत आणि गड्याच्या हातावर बोजारा ठेवत. त्या पैशांतून आजीने एकदा पितळी तांब्या घेतला. तो अजून माझ्याकडे आहे.

शेवंती, तुम्ही लिहिलेली काट्यावरची झडती मी पुन्हा पुन्हा वाचली. तुम्हाला ती गंमत वाटली, कारण तुम्ही लहान होता, आणि त्यात तुमचा दोष नाही. पण वर्षातल्या तीनशे चौसष्ट दिवशी गडी मालकासमोर जे बोलू शकत नव्हता, ते त्या एका दुपारी, शेवटी महादेवाचे नाव घेऊन, त्याला बोलता येत होते. वर साऱ्या गावाला त्यावर होकार भरावा लागत होता. माझे आजोबा झडती म्हणत नसत. "बोललो तर पाडव्याला साल कोण धरेल?" असे ते म्हणत. तुमच्या मामांचे पुढे काय झाले, हे विचारावेसे वाटते.

धांडा

बिनजमिनीचा, तुम्ही लिहिलेत ते बरे झाले. भुलाबाईच्या गाण्यांविषयी मी जे लिहिले, तेही याच जातीचे आहे.

हस्ताचा पाऊस

सरोजिनी बाबर आणि लोकसाहित्य समितीने खेड्यापाड्यांतून पुष्कळ गीते गोळा केली, त्यामुळे आपल्या हाती निदान शब्द तरी राहिले. समोर बसलेला मालक हसला की गप्प झाला, हे मात्र छापील ओळीत येत नाही.

शेवंती

बिनजमिनीचा, तुमचा प्रश्न वाचून मी काल आईला दूरध्वनी केला. मामा पुढे दुसऱ्या गावी गेला, एवढेच मला ठाऊक होते. तो चंद्रपूरकडे खाणीत चांगल्या पगारावर लागला, असे मी इतकी वर्षे समजून होते. हे मला कोणी सांगितले की मीच रचले, ते आता आठवत नाही. आई काही क्षण गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तुह्या आजोबांनी पुढच्या पाडव्याले त्याचं सालच धरलं नाही." आजोबा आखरावर हसले होते, हे खरे. घरी आल्यावर मात्र त्यांनी पुरणपोळीचे ताट बाजूला सारले होते, आणि मामाचा बोजारा आजीने मागच्या दाराने दिला होता.

आईला ती झडती पूर्ण पाठ आहे. तिने ती मला सावकाश सांगितली आणि मी लिहून घेतली. इथे ती देत नाही, कारण ती मामाची आहे आणि त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय देणे मला योग्य वाटत नाही. त्याची मुलगी वणीलाच असते, असे आई म्हणाली. पोळ्याला मी गावी जाणार आहे.

बिनजमिनीचा

जाऊन आलात की लिहा.

नागपूरकर

शेवंती, वणीला जाताना नागपूरवरून जाणार असाल तर तान्हा पोळ्यासाठी लाकडी बैल इथूनच घ्यावा. चाके तपासून घ्या. आमच्या नातीच्या बैलाचे मागचे एक चाक मिरवणुकीत निघाले आणि उरलेला मार्ग तिच्या आजोबांनी, म्हणजे मी, तो बैल काखेत धरून पार पाडला.

दोन पोळे

त्या बैलाला पुरणपोळी कोणी खाऊ घातली, तेवढे कळवावे.